शाळेच्या दारातली जागा कुणाची?

शाळा सुरू झाल्या की साताऱ्यात एक वाद हमखास डोकं वर काढतो. फाटकाबाहेरच्या खाऊच्या गाड्या हटवा, मुलं तेलकट खाऊन आजारी पडतात, असं पालकांचा एक गट म्हणतो. लगेच दुसरा गट उभा राहतो: हातावर पोट असलेल्यांच्या पोटावर पाय देऊ नका. मग नगरपालिकेची अतिक्रमणवाली गाडी येते, दोन-चार हातगाड्या उचलून नेते, आठवडाभर फाटक मोकळं दिसतं आणि गणपती बसायच्या आत सगळं पूर्ववत. दोन्ही गटांना आपण जिंकलो असं वाटतं. मधल्या सुट्टीत दहाची नोट मुठीत धरून बाहेर पडलेल्या पोराने खायचं काय, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं असं: ती जागा रिकामी करायची गरजच नाही. ती ताजं शिजवून विकणाऱ्या बाईला द्या, शक्यतो कंपाउंडच्या आतच द्या, आणि उपकार म्हणून किंवा योजना म्हणून नव्हे, धंदा म्हणून द्या. ठरलेलं भाडं, ठरलेली मुदत, नळाचं पाणी. त्यात तिने नफा कमावला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

५० मीटरचा नियम सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो नीट वाचलेला माणूस क्वचित भेटतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेतल्या मुलांच्या आहाराविषयी २०२० मध्ये विनियम काढले, ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. बंदी आहे ती चरबी, साखर, मीठ जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीवर. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून चहूबाजूंनी ५० मीटरपर्यंत. खाण्याच्या वस्तूंवर सरसकट बंदी नाही. उलट मुलांना सुरक्षित आणि समतोल खाणं मिळावं, हा त्या विनियमांचा दुसरा अर्धा भाग आहे. आपण पहिला अर्धा उचलला आणि तोही सोयीने. पालिकेच्या माणसांना वडापावची गाडी दिसते. चाळीस पावलांवरच्या किराणा दुकानात टांगलेल्या चकचकीत पाकिटांच्या माळा दिसत नाहीत. त्या पाकिटांत मीठ कमी असतं? दुकानाला छप्पर आणि शटर आहे, एवढाच फरक. आणि नुसतं अंतर आखून धंदा हटतो यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आठवावा. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला त्याने बंदी केली. दोन दशकं उलटली. कुठल्याही कॉलेजच्या रस्त्याला एक चक्कर मारून या. गिऱ्हाईक तिथंच राहतं, म्हणून माल परत येतो. तंबाखूवाचून माणूस जगू तरी शकतो. अकरा वाजता लागलेल्या भुकेला ५० मीटरची रेघ कशी कळणार?

ही भूक कुणाची आहे तेही पाहू. पोषण आहाराचं ताट सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळतं. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं माप ठरलेलं आहे. नववीत पाऊल टाकलं की ताट बंद. अंगाने वाढायचं वय नेमकं हेच, मुलींची पाळी सुरू झालेली असते, पण कागदावर मूल मोठं झालं. खटाव, कोरेगाव, जावळीच्या वाड्यावस्त्यांवरून पोरी पहाटेच्या एसटीने शाळेला येतात. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो आणि त्यामुळे कितीतरी घरांतलं मुलींचं शिक्षण गावाच्या वेशीवर अडलं नाही. पण साडेसहाची गाडी पकडणारी मुलगी चहा-बिस्किटावर निघते, डब्यातली चपाती-भाजी साडेदहालाच संपते आणि परतीची गाडी असते दुपारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे रक्त काही लग्नानंतर एका रात्रीत कमी होत नाही.

इथं एक वजनदार आक्षेप येतो. कुपोषणाची खरी लढाई शाळेच्या फाटकाशी नाहीच. ती पोटात गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या हजार दिवसांत असते. त्याच सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि ती उंची नववीत उसळ खाऊन परत मिळायची नाही. शिवाय ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत तो काही वर्गातला सगळ्यात गरीब नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण म्हणून करायचं काय? अंगणवाडीचं काम मोठं आहे, सबब हायस्कूलच्या पोरांनी चायनीज भेळच खावी? आज नववीत असलेली मुलगी सात-आठ वर्षांनी त्याच हजार दिवसांच्या पहिल्या दिवशी उभी असणार आहे. तिला वगळून ती लढाई कशी जिंकणार?

आता पैशांकडे येऊ, कारण हा वाद उगाच नीतीचा करून ठेवलाय; मुळात तो हिशेबाचा आहे. मटकी किलोला शंभर-सव्वाशे रुपये धरा. रात्री भिजवून फडक्यात बांधली, मोड आले, की किलोची अडीच किलो होते. मुलाला शंभर ग्रॅम मोडांची वाटी द्यायची तर कोरडी मटकी लागते चाळीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच रुपयांची. कांदा, तेल, आपला कांदा-लसूण मसाला, गॅस, वरून लिंबू यांचे दोन-तीन रुपये. दहाला वाटी विकली तर हातात तीनेक रुपये उरतात. दहाच्या पाकिटावर दुकानदाराला एवढं सुटत नाही. मग तो पाकीटच का ठेवतो? कारण पाकिटासाठी पहाटे चारला उठावं लागत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाची सुट्टी जाहीर केली तर ते उद्या विकता येतं, पुढच्या महिन्यातही विकता येतं. फोडणी दिलेली मटकी दुपारी उतरते. चाळीस वाट्यांची तयारी वाया गेली तर पावणेतीनशे-तीनशे रुपये बुडतात, म्हणजे दोन-अडीच दिवसांची कमाई एका सुट्टीत गेली. त्यात शाळेचे दिवस वर्षाला दोनशे-सव्वादोनशे, आणि घर मात्र ३६५ दिवस चालवायचं.

सकस विकणारी बाई या गणितामुळे टिकत नाही. तिला रांधता येत नाही म्हणून नव्हे. आणि आपण तिला देतो काय? प्रशिक्षण. तीन दिवसांचं, प्रमाणपत्रासह, समारोपाला पाहुणे. साताऱ्याच्या बाईला थालीपीठ शिकवायला बाहेरून तज्ज्ञ येतो, याहून मोठा विनोद नसेल. तिला हवंय ते फार साधं आहे. शाळेला सुट्टी असेल तर आदल्या संध्याकाळी फोन. शिक्षकांचा नाश्ता, पालकसभेचा चहा, गॅदरिंगचं आणि दहावीच्या जादा तासांचं खाणं तिच्याकडूनच घेण्याचा लेखी ठराव. मे महिन्यात बसायला दुसरी जागा, एसटी स्टँडवर किंवा तहसीलच्या आवारात. यातल्या कशालाच मंत्रालयातून निधी येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच कुणाला त्यात रस नाही.

पण मुलं हे खातील का? हा प्रश्न मला दर वेळी मोठ्यांकडून ऐकू येतो. शाळेबाहेर बोरं, चिंचा, आवळे, उकडलेल्या शेंगा, फुटाणे हे सगळं विकलं जायचं आणि त्यावर पोरांच्या उड्या पडायच्या. (शेजारी लिमलेटच्या गोळ्या आणि लालभडक गारेगारही असायचं; जुन्या काळाला उगाच सोवळं नेसवायला नको.) मुलांना हवं असतं ते गरम, आंबट, झणझणीत आणि चार मित्रांत उभं राहून खाता येईल असं. सकस म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं, असं ज्याला वाटतं त्याचं दुकान पहिल्या महिन्यात बंद पडणार आणि पडायलाच हवं. चौदा वर्षांच्या पोराला लोह सांगून काही विकता येत नाही. कोरेगावच्या स्टँडजवळ एक बाई उकडलेली अंडी विकतात. अंडं दोऱ्याने मधोमध कापायचं, पिवळ्यावर तिखट-मीठ, बोटाच्या चिमटीने बारीक कांदा, कागदावर दोन फोडी. “मावशी, अर्धंच द्या,” म्हणणाऱ्या पोराला त्या परत पाठवत नाहीत. पाच रुपये घेतात, आणि उरलेलं अर्धं कुणाला खपवायचं हे त्यांना आधीच ठाऊक असतं. पोषणाचा एक शब्द न बोलता त्या अंडी खपवतात. सांगलीच्या भडंगात शेंगदाण्याची मूठ वाढवली, कऱ्हाडच्या गुळात शेंगदाण्याचा लाडू वळला, माणदेशी ज्वारीचं धिरडं तव्यावर टाकलं, तर त्यात अनोळखी काय आहे? हे पदार्थ मुलांनी नाकारलेले नाहीत. फाटकापाशी ते मिळेनासे झालेत.

सगळ्यात टोकदार आक्षेप मात्र चळवळीतल्या बायकांचा आहे आणि त्याला झटकून टाकणं अप्रामाणिक ठरेल. मुलांचं पोषण ही सरकारची जबाबदारी. बायकांना ‘उद्योजिका’ असं गोंडस नाव देऊन ती त्यांच्या गळ्यात मारायची आणि आपण मोकळं व्हायचं, हा डाव आहे, असं त्या म्हणतात. पुरावे त्यांच्या बाजूने आहेत. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस बाईला महाराष्ट्रात महिन्याला २५०० रुपये मिळतात, त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. २०२३ च्या नोव्हेंबरात पोषण आहारात अंडं आलं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी काढून घेतला. हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं, असं सांगितलं. अशा सरकारच्या हातात ‘महिला उद्योजिका’ हा शब्द देताना हात आखडतो.

साताऱ्यात तर बाईच्या त्यागावर मुलांना जेवू घालण्याची आपल्याला सवयच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं, अठरापगड जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. त्या मुलांच्या धान्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. या गोष्टीपुढे मान लवतेच. पण शंभर वर्षांनीही मुलांच्या जेवणाची व्यवस्था बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर चालावी, अशी इच्छा असेल तर आपण लक्ष्मीबाईंकडून काहीच शिकलो नाही. म्हणून मी धंदा म्हणतो. धंद्यात भाव ठरवता येतो, तोटा दाखवता येतो, परवडत नाही म्हणून नाही म्हणता येतं. मानधनावरच्या बाईला यातलं काहीच करता येत नाही. शाळेतली ही जागा पोषण आहाराच्या ऐवजी नाही. जिथं ते ताट थांबतं तिथून पुढची आहे. सरकारने अंडं परत आणावं ही मागणी तशीच उभी राहते, आणि ते अंडं याच बाईकडून विकत घ्यावं हे मी तिला जोडतो.

“बघा, झुणका-भाकर केंद्रांचं काय झालं,” असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे खोडून काढायला फारसं काही नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या, अनुदान आटलं, आणि झुणका जाऊन तिथं काय काय विकलं जाऊ लागलं ते लोकांनी पाहिलं. जागा राहिली, भाकरी गेली. अंगणवाडीच्या आहाराची कथा त्याहून कडू. ठेकेदार हटवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं, तर महाराष्ट्रात महिला मंडळांच्या पाट्या लावून मागे तेच पुरवठादार राहिले, असं न्यायालयाच्याच आयुक्तांनी दाखवून दिलं. २०१९ मध्ये न्यायालयाला पुन्हा मोठ्या पुरवठादारांना धार्जिण्या अटी रद्द कराव्या लागल्या. पण या दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर रोग बायकांत नव्हता, आकारात होता. जिल्ह्याचा ठेका निघाला की त्याला जिल्ह्याएवढा माणूस लागतो. इथं एक शाळा, एक किंवा दोन बाया. ठेका इतका छोटा ठेवायचा की ठेकेदाराला त्यात रसच वाटू नये. आणि झुणका-भाकरीतून घेण्यासारखं एकच: जागा पदार्थाला बांधलेली असावी. पाकीट दिसलं की जागा गेली.

छोटं टिकतं का? मुंबईच्या गिरणगावात सातारा आणि कोकणातून गेलेले हजारो गडी ज्यांच्या हातचं जेवून मशीनवर उभे राहिले, त्या खानावळवाल्या बायकांना कुणी उद्योजक म्हटलं नव्हतं. किराण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यात त्या पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांनी या बायकांना स्वयंपाक शिकवला नाही, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता; प्रवर्तक बायका निरक्षर, अर्जावर अंगठे. पुढे त्याच बायकांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, विचारा. जिल्ह्यात हे घडून गेलेलं असताना, बायकांना धंदा जमेल का, हा प्रश्न साताऱ्यात तरी कुणी विचारू नये.

स्वच्छतेबद्दल मात्र भाबडेपणा नको. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक मिसळलेलं होतं. ‘बाईच्या हातचं म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य त्यानंतर कुणी उच्चारू नये. सुरक्षितता हाताने येत नाही. पाण्याने, झाकणाने आणि तपासणीने येते. आणि इथं हटाववाल्यांचा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. ज्या गाडीला रोज पळायची तयारी ठेवायची आहे, ती दोन बादल्यांपेक्षा जास्त पाणी ठेवूच शकत नाही. त्याच पाण्यात बशा बुचकळल्या जातात, त्यातूनच कावीळ आणि जुलाब. गाडी घाण आहे म्हणून पळवायची आणि पळावं लागतं म्हणून ती घाण राहायची. कंपाउंडच्या आत, नळाजवळ, अन्नसुरक्षेच्या साध्या नोंदणीसह बसलेल्या बाईला ‘हात धुतलेस का’ असं पहिलीतल्या मुलाची आजीसुद्धा विचारू शकते. पळणाऱ्या गाडीला कोण विचारणार?

आतच जागा का, याला कायद्याचंही कारण आहे. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यांत न्यायालयांनी शाळा-रुग्णालयांपासून १०० मीटरचं बंधन घातलं आहे. रस्त्यावर जागा आखून देण्याचं धाडस कुठली नगरपालिका करणार? आवार मात्र शाळेचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती जमते. तिला हा एक खराखुरा निर्णय घेऊ द्या. पण मग समितीतल्या वजनदार माणसाच्या भावजयीलाच जागा मिळेल, किंवा अमक्या आडनावाच्या हातचं आमचं पोर खाणार नाही म्हणून एखादीचा अर्ज बाजूला पडेल. हे होईल, असं धरूनच चालावं लागेल. पंगत एकच असावी यासाठी कर्मवीरांना झगडावं लागलं ते उगाच नाही. उपाय जुनाच आहे, चिठ्ठी. नोंदणी, पाण्याचा आणि पदार्थांचा नियम मान्य असलेल्या सगळ्या अर्जदार बायकांच्या चिठ्ठ्या टाका, पालकसभेसमोर एक उचला, दोन वर्षांनी पुन्हा टाका.

आणि बाईच का, वडापाववाल्याने काय घोडं मारलंय? काहीच नाही. बाई म्हणजे ममता, म्हणून मी तिला पुढे करत नाही. भांडून, ओळखीने, रात्री गाडी तिथंच लावून जी जागा पटकावावी लागते ती बाईच्या वाट्याला येत नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्या प्रतिनिधींत बायकांना एक-तृतीयांश वाटा दिला, तरी रस्त्यावर काय दिसतं? उलट, ज्या पदार्थांची मी यादी करतोय ते ती रोज घरात फुकट करतेच आहे. पहिली चिठ्ठी म्हणून तिची. अर्ज कमी पडले तर उसळपाव करायला तयार असलेल्या वडापाववाल्याचं नाव दुसऱ्या फेरीत घ्या. त्याचा तवा तर आधीच तापलेला आहे.

एक गोष्ट मात्र वेळेची. हा ठराव शाळा उघडल्यावर करून चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाची बेगमी होते. तेव्हा जागा पक्की झाली तर बाई मटकी, हुलगा, शेंगदाणे बाजार समितीतून पोत्याने भरेल. उशीर झाला तर त्याच किराणा दुकानातून किलो-किलोने घेईल, आणि वाटीमागचा एक रुपया तिथंच जाईल.